डॅशबोर्डामागचा वैल

जानेवारीतील एका शनिवारी कागलजवळच्या गुऱ्हाळावरून आम्ही गुळाच्या दोन ढेपा आणि काकवीची एक बाटली घेऊन कोल्हापूरला परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचे दार उघडताच एक गोडसर, दमट वास नाकात शिरला. "बाटलीचं झाकण नीट लावलं नव्हतंत तुम्ही," असा निकाल सौभाग्यवतींनी जागच्या जागी दिला. बाटली स्वयंपाकघरात जाऊन पाहिली तर ती कोरडी ठणठणीत होती, झाकणही घट्ट होते. तरी आरोप टिकून राहिला आणि मी मुकाट्याने गाडीतल्या चटया धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. वास गेला नाही. उलट ब्लोअर चालू केला की तो वाढत असे, बंद केला की थोड्या वेळाने विरत असे. त्याच आठवड्यात समोरच्या काचेवर आतून एक पातळ, तेलकट थर दिसू लागला, जो वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसला की निघण्याऐवजी पसरत असे आणि समोरून येणाऱ्या दिव्यांची वर्तुळे करीत असे. अखेर डाव्या बाजूच्या सीटपुढील गालिचा वर उचलून हात घातला, तर खालचा फोम ओलाचिंब होता आणि बोटांना लागलेले पाणी पाण्यासारखे नव्हते. ते बुळबुळीत होते, आणि उजेडात धरल्यावर हिरवट दिसत होते.

ते कुलंट होते, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचा द्रव. ते चाखून पाहण्याचा मोह कोणाला होऊ नये म्हणून येथेच सांगून टाकतो. कुलंटमधील मुख्य द्रव्य इथिलिन ग्लायकॉल हे असते. ते चवीला गोड असते आणि विषारीही असते. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करू शकते. गोडपणामुळेच अंगणात सांडलेले कुलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. काकवीचा आणि त्याचा वास इतका जवळचा असावा हा निव्वळ योगायोग आहे, पण त्या योगायोगामुळे माझे दहा दिवस वाया गेले.

उद्यमनगरातील आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गालिच्याचा कोपरा दोन बोटांत धरून एकदाच हुंगला आणि म्हणाले, "हीटरची कॉइल गेली साहेब." एसीच्या बाष्पकाला गॅरेजमध्ये कूलिंग कॉइल म्हणतात, त्याच चालीवर हीटर कोरला, म्हणजे केबिनची हवा गरम करणाऱ्या भागाला, हीटरची कॉइल. मी चकित झालो तो निदानाने नव्हे, तर माझ्या गाडीत अशी काही वस्तू आहे या बातमीने. बारा वर्षांत तापमानाचे ते बटण मी लाल बाजूला फिरवल्याचे मला आठवत नव्हते. जी वस्तू कधी वापरलीच नाही ती झिजून फुटते कशी, हा माझा प्रश्न मला तेव्हा फार बिनतोड वाटला होता.

उत्तर असे की ती वस्तू मी वापरत नसलो तरी गाडी रोज वापरत होती. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश एवढाच भाग कामी येतो. उरलेली उष्णता काही धुरावाटे जाते आणि काही इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी, म्हणजे पाणी आणि कुलंट यांचे मिश्रण, नव्वद अंशांच्या आसपास तापते, वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, त्याला ढकलत राहते, पुढच्या रेडिएटरमध्ये ते वाऱ्यावर निवते आणि परत फिरते. याच पाण्याची एक छोटी शाखा दोन रबरी नळ्यांतून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे जाते. तिथे डॅशबोर्डाच्या पोटात, प्लॅस्टिकच्या एका पेटीत, शाळेतल्या वहीएवढा एक रेडिएटर बसवलेला असतो: चपट्या नळ्यांची रांग आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ, नागमोडी पट्ट्या. ब्लोअरची हवा या पट्ट्यांमधून गेली की गरम होऊन बाहेर पडते. यंत्र एवढेच आहे. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि भोवती पाणी. इथे नळीत पाणी आणि भोवती हवा, म्हणजे बंब उलटा करून ठेवलेला.

पण मला त्याहून जवळची वाटते ती चुलीची उपमा. आजीच्या चुलीला शेजारी एक वैल होता. त्याला वेगळे सरपण कधी लागत नसे. चुलीत भाकरीसाठी जो जाळ असे, त्याची उरलेली धग आतल्या भोकातून वैलाकडे जात असे आणि तिच्यावर आमटी किंवा दुधाचे पातेले तासन् तास मंद उकळत राहत असे. हीटर कोर हा इंजिनाचा वैल आहे. त्यासाठी पेट्रोल वेगळे जाळावे लागत नाही, जी ऊब रेडिएटर वाऱ्यावर उधळणारच होता तिच्यातील थोडी वाटून घेतली जाते, आणि ही "थोडी" म्हणजेसुद्धा चार-पाच किलोवॉट, घरातल्या दोन गिझरांच्या तोडीची असते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना हा वैल नाही, कारण त्यांच्याकडे अशी मोठी चूलच नाही. त्यांना केबिन गरम करायची झाली तर बॅटरीतील वीज खर्चावी लागते, आणि थंड देशांत हिवाळ्यात त्यांचा पल्ला घटतो त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

आता माझ्या बिनतोड प्रश्नाकडे. जुन्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या नळीवर एक वॉल्व्ह असे आणि हीटर नको असेल तर पाणी बंद करता येई. आजच्या बहुतेक गाड्यांत तो वॉल्व्ह नाही. पाणी बारा महिने कोरमधून फिरतच असते आणि आपण बटण फिरवतो तेव्हा फक्त एक झडप हलते, जी हवेला कोरमधून जाऊ देते किंवा त्याला वळसा घालून पुढे पाठवते. म्हणजे मे महिन्यात इचलकरंजीच्या उन्हात, एसी पूर्ण सोडलेला असताना, आपल्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर नव्वद अंशांचे पाणी खेळत असते आणि मधली झडप तेवढी लाज राखते. शिवाय ते पाणी साधे उभे नसते, दाबाखाली असते: रेडिएटरचे झाकण साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून त्यातले पाणी शंभर अंशांना न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळते. प्रत्येक फेरीत कोर तापतो, फुगतो, निवतो, आकसतो. बारा वर्षांत हे किती वेळा झाले असेल याचा हिशेब मी केला नाही, पण "वापरला नाही" हा शब्द मी मागे घेतला.

फुटण्याचे खरे कारण मात्र याहून लाजिरवाणे निघाले. "पाणी कुठलं टाकत होता?" असे मिस्त्रींनी विचारले, आणि मी खरे ते सांगितले: कमी झालेले दिसले की कधी बाटलीतले, कधी नळाचे, आणि दोन-तीन वेळा सोसायटीच्या बोअरचे. जुने कोर तांबे-पितळेचे असत आणि झाळून दुरुस्तही होत. आताचे ॲल्युमिनियमचे आहेत, हलके आणि स्वस्त, पण त्यांचा जीव कुलंटमध्ये मिसळलेल्या गंजरोधक द्रव्यांवर अवलंबून असतो. ही द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून साधे हिरवे कुलंट दोन-तीन वर्षांनी आणि दीर्घायुषी जातीचे साधारण पाच वर्षांनी बदलायचे असते. मी बदलण्याऐवजी वरून पाणी घालत गेलो. म्हणजे ताकात पाणी घालत जावे तसे, रंग तेवढा राहिला आणि गुण गेला. बोअरच्या जड पाण्यातील क्षार जिथे सहज साचतात असा एक भाग म्हणजे हीटर कोरच्या अरुंद नळ्या. आणि जिथे साका बसतो त्याच्याखाली धातू शांतपणे खाल्ला जातो.

उपाय म्हणून मिस्त्रींनी जे सुचवले ते आपल्याकडे दहांतले नऊ मेकॅनिक सुचवतील. "हीटर काय करायचाय साहेब आपल्याला? दोन्ही पाइप एकमेकाला जोडून बायपास करतो, विषय संपला." अठ्ठावन्नाव्या वर्षी बायपास हा शब्द अचानक कानावर आला की छातीत थोडे हलतेच, पण हा बायपास वीस मिनिटांचा होता. भिंतीजवळच्या दोन्ही रबरी नळ्या कोरवरून काढल्या, एका वाकड्या तुकड्याने एकमेकींना जोडल्या, क्लिपा आवळल्या, आतले पाणी बदलून नवे कुलंट भरले. एका बाबतीत मी मिस्त्रींचा ऋणी आहे: त्यांनी नळ्या बोळे मारून बंद केल्या नाहीत, जोडल्या. काही इंजिनांत थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारा वॉल्व्ह, बंद असताना पाणी फिरते ठेवण्याचा रस्ताच हीटरमधून जातो, आणि तो रस्ता बुजवला तर पाणी अडते आणि इंजिनाचा ताप वाढतो. एवढे केल्यावर गळती थांबली, गालिचा उन्हात सुकला, वास महिनाभराने गेला आणि सौभाग्यवतींनी काकवीवरचा आरोप मागे घेतला, माझ्यावरचा नाही.

उन्हाळा निघाला. जुलैमध्ये सासूबाईंना सावंतवाडीला पोहोचवायचे होते. आजऱ्यापर्यंत पाऊस होता, पण नेहमीचा. आंबोली जवळ आली तशी संध्याकाळ झाली आणि धुके रस्त्यावर उतरले, इतके की पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे दिसत आणि ट्रक दिसत नसे. गाडीत आम्ही चौघे, ओल्या छत्र्या, ओल्या चपला. काच आतून पांढरी होऊ लागली. मी एसी लावला आणि वारा काचेवर सोडला, जे आपण सगळेच करतो. आतला थर दोन मिनिटांत गेला. मग काच बाहेरून पांढरी होऊ लागली. वायपर एकदा फिरला की चार क्षण स्वच्छ, पुन्हा पांढरी. एसी बंद केला की बाहेरचा थर थांबे आणि आतला सुरू होई. मागे सासूबाईंनी शाल कानांपर्यंत ओढून घेतली होती आणि थंडी वाजते असे न म्हणता त्या फक्त अधूनमधून खोकत होत्या, ज्याचा अर्थ सर्व जावयांना कळतो. घाटाच्या वळणांवर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडका अशी मी ती उतरण पार केली, आणि त्या तासाभरात मला जे समजले ते बायपासच्या दिवशी समजायला हवे होते.

काचेवर धुके बसते ते हवेतील बाष्पामुळे, पण कोणत्या बाजूला बसणार हे काचेचे तापमान ठरवते. आपल्या श्वासांची, ओल्या कपड्यांची दमट हवा थंड काचेला टेकली की आतून दव पडते. एसीची कूलिंग कॉइल हवेला गोठणबिंदूच्या जवळपास थंड करते, त्यातील पाणी गळून खाली जाते, आणि कोरडी हवा काच आतून साफ करते; पण ती हवा थंडही असते, आणि थंड हवेने काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूखाली गेली की आंबोलीतले धुके, जे बाष्पाने आधीच काठोकाठ भरलेले असते, बाहेरून तिच्यावर बसते. यातून सुटका एकच: हवा कोरडी करावी आणि मग गरम करावी. गाडीच्या पेटीत नेमकी हीच मांडणी असते. आधी कूलिंग कॉइल, तिच्या पुढे हीटर कोर. एसी चालू ठेवून बटण लाल बाजूला नेणे हा वेडेपणा नाही, तो पावसाळ्यात काच स्वच्छ ठेवण्याचा योग्य मार्ग आहे, आणि मी बायपास करून त्याचा दुसरा अर्धा भाग कापून टाकला होता. अमेरिकेत काचेवरचे हिम आणि दव घालवणारी यंत्रणा गाडीत असणे सुरक्षा मानकांनुसार सक्तीचे आहे. आपण मात्र हीटर हा हिमाचल-काश्मीरचा मामला समजतो. महाराष्ट्रात हीटर लागतो तो थंडीसाठी नव्हे, पावसासाठी.

वडिलांच्या पद्मिनीत हीटर नव्हता, हेही इथे कबूल केले पाहिजे. ते निपाणीकडून येताना तंबाखूची पुडी खास काचेसाठी आणत आणि पावसाला सुरुवात झाली की खाली उतरून बाहेरून काचेवर चोळत. पाणी थेंब धरण्याऐवजी पसरत असे आणि तेवढ्यावर भागत असे. आतल्या बाजूचे काम आईच्या पदराकडे असे. या आठवणीचा आधार घेऊन "तेव्हा चालायचे की" असे कोणी म्हणेल, पण तेव्हा गाडी घाटात ताशी वीस किलोमीटरने चालायची आणि समोरून फारसे कोणी येत नसे.

हीटर कोरचे दुखणे प्रत्येक वेळी गळतीच असते असे नाही. मिनेसोटात राहणाऱ्या मावसभावाच्या गाडीचे दुखणे नेमके उलटे होते: गळती नाही, वास नाही, पण उणे पंचवीस अंशांत ब्लोअर गार वारा फेकत होता. त्याने तिथल्या मेकॅनिकची युक्ती मला सांगितली आणि ती इतकी सोपी आहे की सर्वांनी लक्षात ठेवावी. इंजिन पुरते तापल्यावर, पंख्याचा पट्टा सांभाळून, हीटरच्या दोन्ही नळ्यांना बाहेरून हात लावावा. दोन्ही सारख्याच कढत असतील तर कोर बरा आहे, दोष झडपेत किंवा ती हलवणाऱ्या मोटरीत शोधावा. एक कढत आणि दुसरी कोमट असेल तर कोर आतून तुंबला आहे. दोन्ही कोमट असतील तर कोरला उगाच दोष देऊ नये. पाणी कमी असेल, हवा अडकली असेल किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिला असेल. गालिचा ओला झाल्याबरोबर कोर बदलायला धावण्याचेही कारण नाही, कारण एसीची पाणी बाहेर सोडणारी बारीक नळी पाचोळ्याने तुंबली तरी पाणी त्याच जागी येते. ते पाणी स्वच्छ, बिनवासाचे असते आणि टिपकागदावर सुकून नाहीसे होते. कुलंट रंगीत, चिकट डाग सोडते. शंका उरलीच तर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरतात आणि काटा खाली येतो का ते पाहतात.

तुंबलेला कोर उलट्या दिशेने, बेताच्या दाबाने पाणी सोडून धुता येतो. भावाचा तसा धुतला, चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघाला आणि हिवाळा निभावला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तुंबला तेव्हा मात्र त्याने बदलला, आणि माझ्या मते हीच योग्य रेघ आहे: धुणे एकदा. गळक्या कोरला तेवढीही सवलत नाही. बाजारात गळती बुजवणारी पावडर मिळते, ती पाण्यात टाकली की भोकाशी जाऊन बसते असे सांगतात. बसतेही, पण ती भोक आणि नळी यांत फरक करीत नाही, आणि कोरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की औषधाने रोग्यालाच गिळावे. वाटेत अडकलो आणि घर गाठायचे असेल तर बायपास हजार पटीने बरा.

मग मी बदलायचे ठरवले. नव्या कोरची किंमत दोन हजारांच्या आत होती आणि मजुरी तिच्या तिप्पट, कारण काही गाड्यांत कोर ॲक्सिलरेटरच्या शेजारून खेचून काढता येतो आणि माझ्या गाडीत तो डॅशबोर्डाच्या मागे, पेटीच्या तळाशी, जणू गाडी त्याच्याभोवती बांधली असावी असा बसवलेला आहे. मी मुद्दाम तिथे थांबलो. बॅटरीची तार सुटली, एसीचा गॅस यंत्रात ओढून घेतला, स्टिअरिंग खाली आले, आणि बारा वर्षे ज्याच्याकडे पाहत गाडी चालवली तो संपूर्ण डॅशबोर्ड दोघांनी गाद्या उचलाव्यात तसा उचलून बाहेर ठेवला. मागे उरले ते तारांचे जंजाळ, त्यात सापडलेले एक रुपयाचे नाणे आणि एक हळदी-कुंकवाची पुडी. कोर हातात आला तेव्हा जेमतेम अर्ध्या किलोचा असेल. नळ्या जिथे कडेच्या टाकीला मिळतात तिथे पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती. मिस्त्रींनी ती नखाने खरवडली आणि खाली सुईच्या टोकाएवढे भोक दिसले. त्यावरून बोट फिरवले तर लागतही नव्हते.

उघडलेच आहे तर, या न्यायाने तेव्हा काही गोष्टी करून घ्याव्यात: दोन्ही रबरी नळ्या आणि क्लिपा नव्या, नळ्यांच्या सांध्यांतील रबरी कड्या नव्या, झडपेवरचा झडलेला फोम नवा, कूलिंग कॉइल धुऊन आणि गळतीसाठी तपासून. पुन्हा मजुरी द्यायची नसेल तर हा कंजूषपणाचाच सल्ला आहे. सर्व जुळल्यावर गाडीचे तोंड चढावर करून, हीटर पूर्ण लाल बाजूला ठेवून, झाकण उघडे असताना थंड इंजिन सुरू केले आणि रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत पाण्यातले बुडबुडे निघू दिले. हे नीट केले नाही तर हवा कोरमध्ये, जो पाण्याच्या वाटेत बऱ्याचदा उंचावर असतो, अडकून बसते आणि गाडी सुरू करताच डॅशबोर्डामागे ओढा खळखळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज पुढे कधी आला तर पाणी कमी होत आहे असे समजावे. कोर परत आल्याने आणखी एक जुनी सोय परत मिळाली: फोंड्याच्या किंवा करूळच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडावा, आतल्यांना घाम फुटतो, पण इंजिनाला दुसरा, छोटा रेडिएटर मिळतो आणि गाडी सुरक्षित जागी उभी करण्याइतका अवधी हाती येतो.

ऑगस्टमध्ये सासूबाईंना परत आणताना आंबोलीत धुके तसेच होते. एसी चालू, बटण लाल रेघेच्या थोडे आत, वारा काचेवर. काच दोन्ही बाजूंनी कोरडी राहिली आणि मागे शाल घडी करून मांडीवर ठेवली गेली. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून बाटलीतील कुलंटची पातळी पाहतो. ती दोन रेघांच्या मध्ये, होती तिथेच आहे. तरी डावीकडचा गालिचा उचलून एकदा हात घालून पाहिल्याशिवाय मला दार लावता येत नाही.